अक्काची अट आणि रापणीचा दोर

अक्कानं अट घातली ती चहाचा कप खाली ठेवता ठेवता.

"येते की. न्हाय कुटं म्हणते? पण त्यांच्या चुलीवरचा घास मी तोंडात घालणार न्हाय. आपली भाकरी हाय तवर ऱ्हायचं. भाकरी संपली की गाडीत बसायचं. हाय का कबूल?"

मी लगेच कबूल म्हटलं. समुद्र दिसणार म्हटल्यावर मी कशालाही कबूल झाले असते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सोलापूरजवळच्या वळसंगच्या घरात आता आम्ही दोघीच. दोघींचे मालक गेले, पोरं नोकरीला पांगली, राहिलो आम्ही आणि आमची भांडणं. तिचं माहेर दुधनीचं, आडत्याच्या घरातलं, त्यामुळं वजनाला आणि वागण्याला एकदम चोख. रागावली की कानडीत रागावते. आम्ही गळ्यात लिंग असलेली माणसं. आमच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलेलं नाही, मासा तर लांबच. आणि मी निघाले होते कुठं, तर मालवणच्या अलीकडं एका गावात, जिथं म्हणे सकाळ उजाडते तीच मासळीच्या वासानं. अक्काला एकटीला घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं, आणि तिला न्यायचं तर तिच्या अटीवर.

याला कारण माझी लेक. ती जुळे सोलापूरला राहते, बँकेत आहे. नवी गाडी घेतली तेव्हा म्हणाली, "आई, तुला कुठं न्यायचं सांग. देव सोडून सांग." तर मी विचारसुद्धा न करता म्हटलं, समुद्र. माझं मलाच नवल वाटलं. सत्तरीला टेकले, देव सगळे बघून झाले, पण समुद्र टीव्हीतच बघितलेला.

आता तुम्ही म्हणाल, समुद्रात काय एवढं बघायचं? तर ऐका. आमचा सगळा जन्म पाणी भरण्यात गेला. नळाला पाणी आलं की शेजारीण भिंतीवरनं हाक मारणार, मग घागरी, कळश्या, पिंप, शेवटी तांब्या आणि फुलपात्रंसुद्धा भरून ठेवायचं. पाणी दिसलं की आमच्या हाताला भांडं आठवतं. जे पाणी कुणालाच भरायचं नाही, जे नुसतं बघायचं, असं पाणी मला एकदा बघायचं होतं. दुसरी गोष्ट अशी की, लेकीची एक मैत्रीण गड्ड्याच्या जत्रेला मुंबईहून आमच्याकडं आली होती. ती नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघून आली आणि मग सबंध दुपार माझ्या चुलीपुढं बसली. मी भाकरी थापतीय, ही फोटो काढतीय. मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या दारात समुद्र आहे आणि तू इथं भाकरी बघायला आलीस?" ती हसली आणि म्हणाली, "काकू, तो रोजचाच आहे की." ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. रोजचाच समुद्र! मला तर एक दिवसाचा मिळाला तरी पुरे होता. नाही, एक नाही. लेकीनं चार दिवसांची रजा काढली होती आणि मला ते चारही हवे होते.

तर सगळी भिस्त भाकरीवर. मी नवी शाळू ज्वारी दळून आणली. आमच्याकडची कडक भाकरी तुम्हाला माहीत असेल. पापडासारखी पातळ थापायची, दोन्ही अंगांनी भाजायची, आणि मग निखाऱ्याच्या कडेनं उभी करून सुकू द्यायची. टिचकी मारली की वाजली पाहिजे. अशा भाकरीला महिनाभर काही होत नाही, दोन महिनेही होत नाही. शेंगाची चटणी सोबत असली की माणूस कुठंही जाऊन येईल. मी थापत होते आणि अक्का टिचक्या मारून बघत होती. जी वाजली नाही ती परत निखाऱ्यापाशी. चार दिवस सोडा, आठवडाभर पुरेल एवढी चळत झाली.

लेक म्हणाली, "आई, मी हवाबंद डबे आणते ना. त्यात भर."

अक्का उसळलीच. "डब्यात भाकरीला घाम सुटतो! आजवर आपण धोतराच्या फडक्यात बांधून नेली. कापडात ती श्वास घेते."

"मोठी आई, पण तिथली हवा वेगळी असते."

"हवा हवाच असती. तू बँकेत बघ काय बघायचं ते."

आणि मी अक्काच्या बाजूनं बोलले. का नाही बोलणार? भाकरी कापडात बांधायची हे आम्हाला श्वास घेण्याइतकं माहीत. धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गठ्ठा बांधला, वर गाठ मारली, आणि तो अक्काच्या मांडीवर बसून कोकणात निघाला.

मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर ओलांडलं तोवर सगळं ओळखीचं होतं. ऊस, केळी, पाट्या. मग घाट लागला आणि माझं तोंड जे उघडं पडलं ते मिटेचना. एवढी झाडं! आमच्याकडं एक कडुलिंब असला तर त्याच्याखाली सबंध गल्ली बसते. इथं झाडांना बसायला जागा नाही, एकमेकांच्या अंगावर उभी. खाली उतरलो तर मातीच लाल.

"ही कुणी रंगवली गं?" अक्कानं विचारलं.

"मातीच अशी असते इकडची," लेक म्हणाली.

"काळी न्हाय? मग ज्वारी कशात लावतेत?"

"लावतच नाहीत."

ज्वारी न लावणारी माणसं जगतात कशी, हा प्रश्न अक्काच्या तोंडावर दिसत होता. थोड्या वेळानं तिनं हात चोळले आणि म्हणाली, "अंग चिकट चिकट व्हायलंय. हितली हवा ओली हाय." तेव्हाच आमच्या दोघींच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण कुणाचं लक्ष? मी काचेला नाक लावून बसले होते.

समुद्र मला आधी ऐकू आला. मला वाटलं, कुठंतरी मळणीयंत्र चाललंय. लेकीनं नारळांच्या मधल्या एका बोळात गाडी उभी केली आणि म्हणाली, "जा, बघ." मी चपला हातात घेतल्या आणि पळाले. हो, पळाले! गुडघे त्या दिवशी कुठं गेले होते कोण जाणे. वाळूत आले आणि उभी राहिले.

आता ते कसं सांगू? आमच्याकडचं माळरानही असंच लांबवर जातं, नजर पोचत नाही. पण ते जागचं हलत नाही. हे सगळंच्या सगळं हलत होतं, आणि माझ्याकडंच येत होतं. पायावर पाणी आलं आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेलं, तेव्हा मी मोठ्यांदा ओरडले. शेजारून दोन पोरी चालल्या होत्या, त्या हसल्या. हसू देत. मी परत ओरडले.

अक्का मागून सावकाश आली. गठ्ठा काखेत. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यव्वा! एवढं पाणी, आन् एक घोट पिता येत न्हाय? काय उपयोग!"

पण तिथून हलली मात्र नाही.

ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई माझ्याच वयाच्या. नऊवारीच्या वर रंगीत टॉवेल टाकलेला, हातात कोयता, आणि तोंडभर हसू. त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. आम्ही त्यांना वैनी म्हणायला लागलो. "येवा, येवा. सोलापूरसून इलास मा? दमलास आसतलास," म्हणाल्या. मला निम्मं कळलं आणि निम्मं त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. अंगणात काठ्यांच्या मांडवावर मासे वाळत घातले होते. अक्कानं पदर नाकाला लावला तो लावलाच.

"जेवक वाढू?" वैनींनी विचारलं.

"बेडा, बेडा," अक्का कानडीत म्हणाली, आणि मग समजलं नसेल म्हणून, "नको. आमी आणलंय."

आम्ही खोलीच्या पुढच्या पडवीत फडकं सोडून बसलो. पहिली भाकरी मोडली तो आवाज आतपर्यंत गेला असणार, कारण वैनी पळत बाहेर आल्या. "ह्यां काय आसा? पापड?"

"भाकरी."

"ही भाकरी? आणि ही मोडता कशी!" त्यांनी एक तुकडा घेतला, वर शेंगाची चटणी घेतली, डोळे बारीक करून चावला. दुसरा तुकडा न विचारता घेतला. तेव्हा अक्काच्या नाकावरचा पदर जरा खाली आला. आपलं कुणी खाल्लं की अक्काला माणूस बरा वाटायला लागतो.

तिथंच बसून वैनींनी रापणीचं सांगितलं. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. किनाऱ्याजवळ माशांचा थवा आला की होडी ते जाळं घेऊन पाण्यातून अर्धा वळसा घालते, त्याचे दोन दोर दोन बाजूंना वाळूवर येतात, आणि मग सबंध वाडी ते दोर ओढते. कोण मालक, कोण मजूर, बायका, म्हातारे, सगळे. ज्यानं ओढलं त्याला वाटा. "उद्या परवाक मासो इलो, तर रापण लागतली. तुमीव येवा ओढूक."

"आम्ही?" मी म्हटलं. "आम्ही तर परक्या. आणि बायका. आणि मासे न खाणाऱ्या."

"दोराक काय कळता, हात कोणाचो तो?" वैनी म्हणाल्या आणि चटणी पुसून घेतली.

माझ्या अंगावर काटा आला, खरंच. आमच्याकडं नंदीध्वज निघतात तेव्हा ते पेलायचं काम पुरुषांचं. मी लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडत आले. त्यात माझी तक्रार नाही, ते तसंच असतं. पण सबंध गावानं मिळून एक गोष्ट उचलावी आणि त्यात आपलाही हात असावा, ही हौस माणसाला असते की नाही? मला होती. मला ती त्या पडवीत कळली. आता नुसता समुद्र बघून भागणार नव्हतं. मला तो दोर धरायचा होता.

सकाळी मी उठले ती थेट किनाऱ्यावर. होड्या वाळूवर पालथ्या. चार म्हातारे पाण्याकडं बघत बसले होते. "मासो नाय," एकानं सांगितलं. मी परत आले, तर अक्का पूजा आटोपून फडक्यापुढं बसली होती आणि तिच्या हातात भाकरी होती. भाकरी वाकली होती. अक्कानं तिची घडी घातली. मोडली नाही. दुसरी काढली, टिचकी मारली. आवाजच नाही. गठ्ठ्याच्या तळापर्यंत हात घालून बघितलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओल्या फडक्यासारख्या.

वैनींनी डोकावून बघितलं. "सादळली गो. कापडात बांधलास? हयसर पत्र्याच्या डब्यात पण सादळता."

आमच्याकडं फार तर आषाढात चिवडा सादळतो. कडक भाकरी सादळलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. लेक खांबाला टेकून उभी होती, तिनं तोंडावर हात धरला होता. हसू दाबत होती, दुसरं काय.

अक्कानं फडक्याची गाठ बांधली. "चला. भाकरी संपली. सामान भरा."

"संपली कुठं, अक्का? एवढी चळत आहे की!"

"ही भाकरी न्हाय. ही चिंधी हाय. अट काय होती?"

"अट 'संपली तर' अशी होती. ही नासली."

"माणसाच्या पोटात जात न्हाय म्हणजे संपली. मला वकिली शिकवू नको."

मी रडायच्या बेताला आले. लेक म्हणाली, "मोठी आई, शहाळी तरी चालतील ना? केळी?" झाडावरनं उतरलेलं चालेल, एवढं अक्का म्हणाली. कुणी शिजवलेलं नसतं ते. बरं, तेवढ्यावर एक दिवस निघाला. मी वैनींना विचारून भाकऱ्या उन्हात टाकल्या, मागच्या काळ्या कातळावर. हातात नारळाची झावळी घेऊन मी राखणीला बसले, कारण कावळे. तिथले कावळे मासे खाऊन माजलेले, त्यांना माझी भाकरी कशाला हवी? पण एकेक येऊन चोच मारून बघून जायचा. भर दुपारी एक भाकरी वाजली! मी उड्या मारत अक्काकडं नेली. अक्कानं टिचकी मारली आणि मान हलवली, बरी आहे. तेवढ्यात समुद्रावरनं वारं सुटलं. तासाभरात ती भाकरी परत गादीसारखी. अक्कानं तिची घडी घालून ती माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी किती वेळा किनाऱ्यावर गेले ते विचारू नका. ते म्हातारे मला ओळखायला लागले. मी लांबून दिसले की आधीच हात हलवायचे, नाही, नाही. पक्षी कुठं फिरतात, पाण्याचा रंग कुठं गडद होतो, यावर त्यांचं ध्यान. मीही त्यांच्यात जाऊन बसले आणि पाण्याकडं बघत राहिले. ये की रे बाबा, ये की. न खाणाऱ्या माणसानं माशाला इतकं बोलावलेलं त्या समुद्रानं कधी ऐकलं नसेल.

संध्याकाळी अक्कानं शेवटचं सांगितलं. "केळ्यावर मी उपास करीन, पण ऱ्हायन न्हाय. सकाळी पूजा झाली की निघायचं."

सकाळ झाली. पूजा झाली. बॅगा गाडीत गेल्या. मी वेणी घातली, परत सोडली, परत घातली. रुमाल हरवला म्हटलं आणि शोधला. तो कमरेलाच होता. लेकीला सगळं कळत होतं, तीही उगाच गाडीची काच पुसत होती. अक्का मागच्या सीटवर जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. आता काय करणार? मी वैनींना नमस्कार करायला वाकले.

आणि ओरडा झाला. किनाऱ्यावरनं. आधी एकाचा, मग दहा जणांचा. वैनींनी हातातला डाव तिथंच टाकला. "मासो इलो गो!" त्या टोपली घेऊन पळत सुटल्या. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून माणसं बाहेर, कुणी दाढी अर्धी केलेला, कुणी पोराला काखोटीला मारलेली.

मी गाडीकडं बघितलं. अक्कानं काच खाली केली.

"जा, बघून ये," म्हणाली. "लवकर. मी बसली हाय."

मी गेले. होडी तोवर पाण्यात निघालीच होती, जाळं सोडत सोडत लांबून वळसा घेऊन आली आणि दोराचं टोक वाळूवर पडलं. माणसं त्यावर तुटून पडली. मी कडेला उभी. जावं की न जावं? तेवढ्यात रांगेतल्या एका बाईनं मागं बघितलं, आणि आपले हात थोडे पुढं सरकवले. माझ्यापुरती जागा केली. बास.

दोर ओला, जाड, वाळूनं खरखरीत. सगळे एका तालात मागं मागं चालत होते. मागचा माणूस पार वर पोचला की दोर सोडून परत पाण्याकडं पळायचा आणि पुढून धरायचा. म्हणजे रांग संपतच नाही. आणि त्या दोरात जे काय होतं! तिकडनं समुद्र ओढत होता हो. नुसतं वजन नव्हे, ओढ. थोडं सैल सोडलं की घेऊन जाणार. मला हसूच आवरेना.

"अगं कोपर वाकव! हात सोलून घेतीस काय?"

मागून आवाज. मी वळून बघते तर अक्का! पदर खोचलेला, चपला नाहीत.

"तू कशी आलीस?"

"तुला बोलवायला. उशीर व्हायलाय. दोर कसा धरलाय बघ, जसं काय लुगडं वाळत घालायचंय. सरक!"

ती माझ्या मागं दोराला लागली. माहेरच्या खोल विहिरीचं पाणी शेंदत वाढलेली बाई ती. तिच्या हाताचा जोर मला दोरातनं कळला. दोन पावलं गेलो नाही तोच तिनं आवाज दिला, "जग्गरी! जग्गरी!" म्हणजे ओढा, ओढा. पुढच्या पोरांना काय कळलं देव जाणे, पण त्यांना तो ताल आवडला. त्यांनी उचलला. मग पलीकडच्या दोरावरनं पण आला. अख्खा मालवणी किनारा "जग्गरी, जग्गरी" ओरडतोय आणि माझी थोरली जाऊ वाळूत टाचा रोवून पुढारपण करतीय! लेक फोन घेऊन पळत आली होती, ती हसून हसून खाली बसली. फोटो एकही नीट आला नाही.

जाळं वर आलं. सगळं चांदीचं, उसळणारं. खोटं कशाला सांगू, जिवंत जीव तडफडताना मला बघवेना. अक्कानं "शिव शिव" म्हणत तोंड फिरवलं. पण आजूबाजूची तोंडं बघितली तर सण होता. कितीतरी दिवसांनी असा मासा लागला होता, म्हणत होते.

मग वाटे पडले. रापणीतले एक वडीलधारे गृहस्थ वाळूत ढीग मांडत चालले होते, एकेकाला हाक मारत. एक ढीग त्यांनी आमच्या पुढ्यात सरकवला. "हो तुमचो."

"आम्ही खात नाही हो," मी घाईनं म्हटलं. "राहू द्या."

त्यांचा चेहरा उतरला. वैनी माझ्या कानाशी लागल्या, दोराला हात लावला आणि वाटा नाकारला तर ते रापणीला बरं नाही, परत मासा येत नाही असं मानतात. मी गारच पडले. घ्यावं तर आमचं मोडतंय, नको म्हणावं तर यांचं. मी अक्काकडं बघितलं. अक्का कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडं बघत होती. मग शेजारच्या ढिगाकडं बघितलं. मग परत आमच्या.

"हा ढीग बारका हाय," ती म्हणाली.

"अक्का!"

"का? दोघी होतो आमी. दोघींचा वाटा द्या."

आणि जो हशा उठला! ते गृहस्थ तर डोळे पुसायला लागले. त्यांनी ओंजळ भरून आणखी मासे आमच्या ढिगावर घातले. माप बरोबर झाल्यासारखी अक्कानं मान हलवली आणि वैनींकडं वळली.

"वैनी, हा आमचा वाटा. ह्यो तुमी घ्या. आन् ह्याच्या बदली आमाला तुमच्या तांदळाचं पीठ, नारळ, काय भाजीपाला असंल तो द्या. अंगणात तीन दगड मांडून मी वेगळी चूल करीन."

"अगो, तसाच दिलय आसतंय मी," वैनी म्हणाल्या. "तेच्यासाठी मासो कित्याक?"

"फुकट नको. आमी कायक केलंय."

कायक म्हणजे आमच्यात आपल्या कष्टाचं काम. ते पूजेच्याच तोलाचं मानतात, आणि त्यातून आलेलं अन्न प्रसादासारखं. तरी मी भीत भीत विचारलं, "अक्का, आणि अट?"

"अट मी घातली, तिच्यात काय बसतंय ते मला कळतंय. त्यांचा घास नको म्हणली होती. ह्यो माझा हाय. तळहात बघ." तिनं हात पुढं केला. लाल झाला होता, एके ठिकाणी सोललेला. वैनींनी लोणी आणून दिलं, आयुष्यात पहिल्यांदा मी ते तिच्या हाताला लावलं, आणि तिनं लावू दिलं.

लेकीनं विचारलं, "मग बॅगा काढू का परत?"

"न्हाय तर काय गाडीत सैपाक करू व्हय?"

मागच्या अंगणात माडाखाली तीन दगड मांडले. वैनींनी भाकरी भाजायला मातीची कोरी खापरी दिली, अजून चूल न बघितलेली. अक्कानं तांदळाचं पीठ मळलं आणि थापायला घेतलं, तर पहिल्याच थापेला भाकरीचे चार तुकडे. दुसरीचे सहा. वैनी लांबून, आपली सावलीसुद्धा चुलीवर पडू नये अशा बेतानं उभ्या राहून सांगत होत्या, पाणी उकळून घाला, कढत पाण्यात पीठ भिजवा. अक्का पुटपुटत होती, काय बाई हे पीठ, तापातल्या पोरासारखं, जरा हात लावला की कुरकुर. पण कढत पाणी घातल्यावर जमलं. मऊ, पांढरी, गोल. टिचकी मारून उपयोग नाही अशी.

पडवीत आम्ही दोन हातांचं अंतर सोडून बसलो. इकडं आमची पानं, तिकडं वैनींचं, त्यात आमच्याच वाट्याचा मासा. मधे शेंगाची चटणी, ती दोन्हीकडं चालत होती. कुणीही नाकाला पदर लावला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लोक लांबलांबचा प्रवास करून दुसऱ्याच्या गावी का जातात, हे मला आता थोडं कळल्यासारखं वाटतं. समुद्र तर आहेच, तो बघताना मी पहिल्या दिवशी ओरडले तशी शेवटच्या दिवशीही ओरडले. पण बघून माणूस बघणाराच राहतो. त्या बाईनं दोरावरचे हात पुढं सरकवले ना, तेवढी चार बोटांची जागा मला मिळाली, आणि ती सोलापूरपर्यंत माझ्याबरोबर आली. मुंबईच्या त्या पोरीला चुलीपुढं नुसतं बसवून फोटो काढू दिले, एक भाकरी थापायला दिली असती तर! पुढच्या वेळी आली की आधी तिच्या हातात पीठ देणार.

तर त्या दिवशी जेवण झालं. भांडी विसळून अक्कानं खापरी पालथी घातली, खुर्ची ओढून अंगणात आणली, समुद्राकडं तोंड करून.

"वैनी, उद्या कितीला ओढायचंय?"

"ता मासो सांगात," वैनी म्हणाल्या.

"बरं," अक्का म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन वाट बघत बसली.